हा स्वभाव की आजार? बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराविषयी सविस्तर उत्तर

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आपल्या चोवीस वर्षांच्या धाकट्या बहिणीला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार, असल्याचे निदान झाले आहे. आधीच्या डॉक्टरांनी त्याच त्रासाला बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे काळ येत-जात राहणारा विकार, म्हटले होते. ती कधी आपल्याला डोक्यावर घेते, तर कधी तोंडही पाहू इच्छित नाही. दोनदा तिने स्वतःला इजा करून घेतली आहे आणि भांडण झाले की ती मरणाची भाषा बोलते. हा आजार की स्वभाव, औषधाने तो बरा होतो का, घरच्यांनी वागायचे कसे, तिच्या बोलण्यातील धमकी किती गंभीरपणे घ्यायची आणि निदानाचे नाव तिला सांगायचे का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे मनोविकारतज्ज्ञ म्हणून अशा रुग्णांवर उपचार करत आलो आहे, त्या आधारावर उत्तर देतो. आपल्या बहिणीला मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढील विवेचन विकाराविषयीचे आहे. तिच्याविषयीचा निर्णय तिच्या डॉक्टरांचाच राहील.

स्वभाव की आजार हा प्रश्न जवळपास प्रत्येक कुटुंब विचारते, आणि त्याच्या पोटात बहुतेक वेळा दुसराच प्रश्न दडलेला असतो: ती हे मुद्दाम करते का? त्याचे उत्तर आधी देतो. तिच्या वागण्याचा आपल्यावर दबाव येतो हे खरे, पण दबाव यावा म्हणूनच ती तसे वागते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. 'इमोशनल ब्लॅकमेल' हा शब्द नातेवाईक वापरतात तेव्हा मला त्यांचा थकवा समजतो. आमच्या व्यवसायातील मंडळी तोच शब्द वापरतात तेव्हा मात्र तो मला आळस वाटतो, कारण एकदा तो उच्चारला की पुढे काही समजून घेण्याची गरजच उरत नाही.

आत काय घडते ते एका साध्या प्रसंगावरून पाहू. संध्याकाळी सात वाजता अशी एखादी तरुणी मैत्रिणीला मेसेज करते. तो वाचल्याची खूण दिसते, पण उत्तर येत नाही. अशा वेळी कुणालाही थोडी चुटपुट लागते आणि हातातल्या कामात ती विरून जाते. हा विकार असलेल्या व्यक्तीच्या मनात मात्र पाच-दहा मिनिटांतच 'ती कामात असेल' ही शक्यता मागे पडते आणि 'तिला मी नकोशी झाले आहे' ही केवळ शंका न राहता खात्री बनते. छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, हात थरथरू लागतात. साडेसातपर्यंत पाच-सहा मेसेज गेलेले असतात. पहिला विनवणीचा, शेवटचा शिवीगाळीचा. आठ वाजता मैत्रिणीचा नंबर ब्लॉक होतो. साडेआठला मैत्रीण आईच्या फोनवर विचारते, 'मी गाडी चालवत होते, काय झालं?' आता राग ओसरतो, पण त्याच्या जागी शरम येते आणि ती रागाहूनही असह्य असते. स्वतःला इजा करण्याची ऊर्मी पुष्कळदा याच टप्प्यावर उठते. दुसऱ्या दिवशी ती हसती-बोलती दिसली की घरचे म्हणतात, काल एवढा तमाशा केला आणि आज काही घडलेच नाही जणू.

या दीड तासात तिला झालेले दुःख खरे होते; त्या दुःखातून तिने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता; आणि त्या निष्कर्षावरून केलेली कृती तिचेच नुकसान करणारी होती. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. तिला त्या क्षणी त्या वेगळ्या करता येत नाहीत, हा विकाराचा गाभा आहे. घरच्यांनाही त्या वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून ते एक तर सगळेच खोटे ठरवतात किंवा भीतीपोटी सगळेच मान्य करतात. उपचारांचा रोख शेवटी या तीन गोष्टींमध्ये थोडे अंतर निर्माण करण्यावरच असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी या भावनिक रचनेची मांडणी तीन अंगांनी केली आहे: लहानशा कारणानेही भावना चटकन चेतते, ती चेतली की फार तीव्र होते आणि पूर्वपदावर यायला तिला फार वेळ लागतो. यातील तिसरे अंग घरच्यांच्या लक्षात येत नाही. पहिली लाट उतरण्याआधीच दुसरे कारण घडते आणि बाहेरून पाहणाऱ्याला फक्त ते दुसरे, क्षुल्लक कारण दिसते. 'चहा गार झाला म्हणून हिने घर डोक्यावर घेतले' या वर्णनात सकाळपासून साचलेले काही ना काही बहुधा वगळलेले असते.

निदानाचे निकषही याच भावनिक रचनेतून समजून घेता येतात. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेत हा विकार १९८० साली समाविष्ट झाला. सध्याच्या आवृत्तीत नऊ निकष आहेत आणि त्यांपैकी किमान पाच दीर्घकाळ व आयुष्याच्या अनेक क्षेत्रांत आढळावे लागतात. दुरावा टाळण्यासाठी जिवाचा आटापिटा, टोकाची व अस्थिर नाती, स्वतःच्या ओळखीविषयीची अनिश्चितता, नुकसानकारक आवेगी वर्तन, आत्महत्येचे विचार-प्रयत्न किंवा स्वतःला इजा, काही तासांत पालटणारी मनःस्थिती, सततचे रितेपण, न आवरणारा राग, आणि तणावाच्या वेळी तात्पुरता संशय किंवा आपण आपल्यापासूनच तुटल्याची भावना, हे ते नऊ. नवांतून पाच किंवा अधिक निवडण्याचे प्रकार २५६ होतात. त्यामुळे हेच निदान असलेली एक व्यक्ती आरडाओरडा करणारी आणि दुसरी बाहेरून शांत, सगळा राग स्वतःवरच काढणारी असू शकते. या दुसऱ्या प्रकाराकडे वर्षानुवर्षे कुणाचेच लक्ष जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने तर, २०२२ पासून, व्यक्तिमत्त्व विकारांचे बहुतेक जुने कप्पेच काढून टाकले असून आधी विकाराची तीव्रता ठरवायची आणि मग गरजेनुसार 'बॉर्डरलाइन' धाटणीची नोंद करायची, अशी पद्धत स्वीकारली आहे. कागदपत्रांवर वेगवेगळी नावे दिसली तर गोंधळून जाऊ नये.

आपल्याला कधी डोक्यावर घेणे आणि कधी झिडकारणे, हे ढोंग नाही. तीव्र भावनेच्या भरात समोरच्या माणसाची कालची बाजू तिच्या हाताशी राहत नाही. आपण मागच्या आठवड्यात तिच्यासाठी रात्रभर जागलात, ही माहिती तिच्या स्मरणात असते. त्या जागण्यातून मिळालेली आश्वस्तता मात्र त्या क्षणी तिला जाणवत नाही. म्हणून 'मी तुझ्यासाठी एवढे केले' हे वाक्य अशा वेळी पूर्णपणे वाया जाते, किंबहुना उपकारांची यादी वाचल्यासारखे लागते.

कारणांविषयी मोजकेच लिहितो, कारण या विषयावर आई-वडिलांना नाहक आरोपी केले जाते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारित एका मोठ्या अभ्यासात तो ४६ टक्के निघाला. हा आकडा लोकसंख्येतील फरकांचे स्पष्टीकरण देतो. एखाद्या व्यक्तीचा निम्मा आजार रक्तातून आला, असा त्याचा अर्थ नाही. बालपणीचे अत्याचार, हेळसांड आणि अस्थिर घर यांचा संबंध ठळक आहे, पण अशी कोणतीही घटना न घडलेले रुग्णही आम्ही पाहतो. जन्मतः हळव्या मुलाला 'एवढ्याशा गोष्टीचे रडायचे काय' असे सतत ऐकावे लागले, तर स्वतःच्या भावनेवर विश्वास ठेवायला आणि ती सौम्यपणे मांडायला ते शिकत नाही. भावना टोकाला गेल्यावरच कुणी तरी दखल घेते, एवढे मात्र शिकते. असे म्हणणारे पालक दुष्ट असतात असे नाही. त्यांच्या दुसऱ्या मुलाला तेच वाक्य कदाचित बाधलेही नसेल.

आता बायपोलरचा मुद्दा. ही गल्लत नेहमीची आहे, कारण दोन्हींकडे 'मूड बदलतो' अशी तक्रार येते. फरक पाहायचा तो कालावधीत आणि कारणात. बायपोलरमधील उन्मादाचा काळ निकषांनुसार किमान आठवडाभर, आणि सौम्य उन्मादाचा किमान चार दिवस टिकावा लागतो. त्यात तीन-चार तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो, बोलणे व योजना यांचा वेग वाढतो आणि हे सारे बाहेरच्या घटनेशिवायही सुरू होऊ शकते. बॉर्डरलाइनमध्ये मनःस्थिती एका दिवसात अनेकदा पालटते आणि शोधले तर मागे बहुतेक वेळा नात्यातील एखादी घटना सापडते. झोप कमी होते, पण ती विचारांनी उडालेली असते आणि सकाळी थकवा राहतो. दोन्ही विकार एकत्रही असू शकतात, म्हणून आधीचे डॉक्टर चुकलेच असे मी म्हणणार नाही. दोन-तीन आठवडे रोजची झोप, मनःस्थिती व त्या दिवशीच्या घटना यांची साधी नोंद तिने ठेवली आणि डॉक्टरांना दाखवली, तर बराच उलगडा होईल.

औषधांबाबत स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. या विकारासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही, आणि उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ मध्येच सांगितले आहे की खास या विकारासाठी औषधे वापरू नयेत; अतितणावाच्या प्रसंगी शामक द्यायचेच झाले तर आठवड्याहून अधिक देऊ नये. लॅमोट्रिजिन या औषधाकडून मोठी आशा होती, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील वर्षभराच्या चाचणीत ते आणि निष्क्रिय गोळी यांच्यात फरक आढळला नाही. तरीही पाच-पाच औषधे चालू असलेले रुग्ण माझ्याकडे येतात, कारण प्रत्येक वादळानंतर एक गोळी वाढवलेली असते आणि वादळ आपोआप शमले की श्रेय त्या गोळीला मिळते. सोबत नैराश्य, चिंताविकार किंवा बायपोलर असेल तर त्यासाठी औषधे हवीतच. म्हणून तिची चालू औषधे आपण परस्पर बंद करू नका. कोणते औषध कशासाठी आहे आणि ते कधी थांबवायचे, एवढे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.

मुख्य उपचार मानसोपचारांचा, म्हणजे रचनाबद्ध संवादाचा आहे. लिनेहन यांनी विकसित केलेली डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी, हिची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात आठवड्याचे वैयक्तिक सत्र असते आणि गटात चार प्रकारची कौशल्ये शिकवली जातात: सजगता, त्रास सहन करण्याची तंत्रे, भावनांचे नियमन आणि नात्यांत आपले म्हणणे मांडणे. लिनेहन यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले की तरुणपणी त्या स्वतः स्वतःला गंभीर इजा करणाऱ्या आणि दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या रुग्ण होत्या. आपल्या बहिणीला ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांची मेंटलायझेशनवर आधारित पद्धत वेगळ्या वाटेने जाते: आपल्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चालले असावे याचा विचार, तणावातही, शाबूत ठेवायला ती शिकवते. मेसेजच्या प्रसंगात हरवते ते हेच. याशिवाय लहानपणापासून मनात घट्ट बसलेल्या धारणांवर काम करणारी स्कीमा थेरपी आहे, मनोविश्लेषक ऑटो कर्नबर्ग यांच्या परंपरेतील उपचार आहेत.

यांपैकी काही जवळपास उपलब्ध नसेल तर निराश होऊ नका. कॅनडात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वर्षभराची डीबीटी आणि या विकाराची जाण असलेल्या डॉक्टरांनी केलेले नियमित, शिस्तबद्ध सर्वसाधारण मानसोपचार यांची तुलना झाली; दोन्ही गटांत लक्षणीय सुधारणा झाली आणि फारसा फरक आढळला नाही. पद्धतीच्या नावापेक्षा मी पुढील गोष्टी पाहीन: उपचारकाला या विकाराचा अनुभव आहे का, सत्रे ठरलेल्या वेळी होतात का, संकटात काय करायचे हे आधीच ठरले आहे का, आणि उपचारकाला तिच्याविषयी आस्था वाटते का. शेवटची गोष्ट मोजता येत नाही, पण पहिल्या दोन-तीन भेटींत तिला ती कळते.

घरात कसे वागायचे, यावर येतो. समजा ती म्हणाली, 'दादा, तुला माझी लाज वाटते.' आपले नेहमीचे उत्तर असेल, 'काहीतरीच काय बोलतेस, असं काही नाहीये.' हेतू चांगला आहे, पण तिच्या कानावर पडते ते 'तुला जे वाटते ते खोटे आहे' एवढेच, आणि मग ते खरे असल्याचे पटवून देण्यासाठी तिला आवाज आणखी चढवावा लागतो. त्याऐवजी असे म्हणून पाहा: 'मी फोन करतो म्हणालो आणि केला नाही. त्याचं तुला लागलं, दिसतंय मला. कुणालाही लागेल. लाज मात्र मला तुझी वाटत नाही.' यात आपण तिचे दुःख मान्य केले, आपल्या बाजूची वस्तुस्थिती कबूल केली आणि निष्कर्ष मान्य केला नाही. क्रम महत्त्वाचा आहे. खुलासा आधी आणि दुःखाची दखल नंतर, असे केले की फायदा होत नाही. तरीही वाद पेटलाच तर म्हणावे, 'आता आपला दोघांचाही आवाज चढलाय. मी वीस मिनिटांनी परत येतो, मग बोलू.' आणि वीस मिनिटांनी खरोखर परत यावे. नुसते दार आपटून जाणे तिच्या दृष्टीने सोडून जाणे असते; सांगून जाणे आणि सांगितल्या वेळी येणे, हा तिच्यासाठी अनुभवातून मिळणारा धडा असतो.

मर्यादाही हव्यात, पण त्या भांडणाच्या भरात जाहीर करू नयेत. शांत वेळी, आपण काय करू शकतो आणि काय नाही या भाषेत त्या सांगाव्यात: 'रात्री अकरानंतर माझ्याने बोलणं होत नाही, सकाळी आठला मी स्वतः फोन करीन. जिवाला धोका वाटला तर मात्र कितीही वाजता उठव.' जी मर्यादा आपण पाळू शकणार नाही ती घालूच नका. तीन दिवस कठोर राहून चौथ्या दिवशी आरडाओरड्यापुढे नमते घेणे हे मर्यादा नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यातून आणखी ओरडले की काम होते, हेच शिकवले जाते. आई एक सांगते आणि भाऊ दुसरे, असेही होऊ देऊ नका.

मरणाच्या भाषेविषयी: ती प्रत्येक वेळी गंभीरपणे घ्यायची. गंभीरपणे घेणे म्हणजे घाबरून शरण जाणे नव्हे. स्वतःला इजा करणे पुष्कळदा असह्य भावना थांबवण्यासाठी असते, मरण्यासाठी नसते. पण ज्यांनी आधी इजा करून घेतली आहे त्यांच्यात आत्महत्येचा धोका वाढलेला असतो, म्हणून 'नेहमीचेच आहे' म्हणून सोडून देता येत नाही. जुन्या अभ्यासांत या विकाराच्या १० टक्क्यांपर्यंत रुग्णांचा मृत्यू आत्महत्येने झाल्याचे आढळले होते. नंतरच्या दीर्घकालीन अभ्यासांत प्रमाण कमी निघाले, तरी ते सर्वसामान्य लोकांपेक्षा कितीतरी अधिकच आहे. तिला सरळ विचारा: 'जीव द्यावा असं वाटतंय का? काही ठरवलंयस का?' विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट एकटेपण कमी होते. काही ठरवले असेल, तशी साधने हाताशी असतील किंवा ती नशेत असेल तर तिला एकटे सोडू नका, साधने दूर करा आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेची मदत घ्या. एरवी, शांत काळात, तिच्या उपचारकाच्या मदतीने एक कागद तयार करा: धोक्याच्या खुणा कोणत्या, आधी तिने स्वतः काय करून पाहायचे, मग कोणाला फोन करायचा, आणि शेवटी कोणत्या रुग्णालयात जायचे. इजा करून घेतल्यानंतर जखमेची काळजी शांतपणे घ्या. त्या वेळी प्रवचन नको आणि लाडही नकोत. जो वेळ व जिव्हाळा आपण संकटाच्या रात्री देता, तो मंगळवारच्या साध्या दुपारी देता आला तर संकटाची रात्र येण्याचे एक कारण कमी होते.

हे सारे किती काळ? अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात १९९२ मध्ये मेरी झॅनारिनी यांनी सुरू केलेल्या अभ्यासात रुग्णालयात दाखल झालेल्या, म्हणजे तीव्र आजार असलेल्या, रुग्णांचा पाठपुरावा झाला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांत किमान दोन वर्षे टिकणारा लक्षणांचा उतार दिसला. त्याच वेळी लक्षणांसोबत नाती आणि शिक्षण-नोकरी हेही रुळावर आलेले रुग्ण निम्मेच होते. इजा, आवेग यांसारखी ठळक लक्षणे आधी ओसरतात. रितेपण व एकटे पडण्याची भीती मागे रेंगाळते. म्हणून 'आधी पूर्ण बरी होऊ दे, मग नोकरीचे पाहू' हा सल्ला मला पटत नाही. अर्धवेळ का होईना, नियमित काम किंवा अभ्यासक्रम उपचारांच्या बरोबरीनेच सुरू असावा.

राहिला शेवटचा प्रश्न, निदान तिला सांगावे का. सांगावे, आणि ते डॉक्टरांनी, पुरेसा वेळ देऊन, निकष तिच्यासमोर ठेवून सांगावे. आपण वाईट आहोत असे वर्षानुवर्षे मानत आलेल्या अनेकांना आपल्या त्रासाला नाव आहे आणि उपचार आहे हे कळल्यावर हायसे वाटते. एका गोष्टीची तयारी मात्र घरच्यांनी ठेवावी: उपचारांच्या पहिल्या काही महिन्यांत एक दिवस ती येऊन सांगेल की ही थेरपिस्टही इतरांसारखीच निघाली, मी आता जाणार नाही. सत्र दहा मिनिटे उशिरा सुरू झाले असेल किंवा थेरपिस्ट सुट्टीवर जाणार असेल. त्या वेळी थेरपिस्टची बाजू घेऊ नका आणि 'सोड तिला, दुसरी बघू' असेही म्हणू नका. तिला लागले आहे हे मान्य करा आणि हाच राग, याच शब्दांत, पुढच्या सत्रात थेरपिस्टच्या तोंडावर बोलून दाखव, त्यानंतर जायचे की नाही ते ठरव, असे सुचवा. हवे तर दारापर्यंत सोबत जा.